लिंक तुटते, गुरुजी

आमच्या राजुरीच्या घरी कादंबऱ्या टपालानं यायच्या, आणि त्याही कॅसेटमध्ये भरून. नाना, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले तेव्हा नोकरीची बरीच वर्षं शिल्लक होती. डोळे गेल्याचं त्यांनी फारसं रडगाणं गायलं नाही, पण वाचायला मिळत नाही म्हणून मात्र ते घरभर चिडचिड करत फिरायचे आणि उंबऱ्याला ठेचकाळले की उंबऱ्यालाच शिव्या द्यायचे. मग कुणीतरी पुण्यातल्या एका संस्थेचा पत्ता दिला. तिथली हौशी मंडळी आपापल्या घरी बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायची, टेप करायची, आणि त्या कॅसेटा वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या अंध माणसांच्या घरोघर फिरायच्या. पहिलं पुडकं आलं तेव्हा पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "गुरुजी, तुमची गाणी आली!" झालं, मास्तरांनी या वयात गाण्यांचा नाद धरला म्हणून आळीभर बोभाटा. आईनं त्या दिवशी मासवडी करायला घेतली होती. ओल्या फडक्यावर बेसन थापता थापता तिनं विचारलं, "कुनाची गानी हायेत?" नाना पुडकं छातीशी धरून म्हणाले, "गप बस. ह्यात मानूस हाये."

माणूस होताच, आणि त्याला सर्दी झालेली होती. पहिली कादंबरी त्या गृहस्थांनी अथपासून इतिपर्यंत चोंदलेल्या नाकानं वाचली. राजवाडा काय, रणांगण काय, प्रेमपत्र काय, सगळं एकाच नाकातून. आम्ही त्यांचं नाव सर्दीकाका ठेवलं. दुसरं पुडकं आलं त्यातल्या बाई इतक्या धावत वाचायच्या, की त्यांना स्वैपाक उरकायचा असावा असं आईचं मत होतं, आणि ते खरंही असणार, कारण पाठीमागे कुकर लावलेला ऐकू यायचा. तिसऱ्या शिट्टीला नायिका विधवा झाली आणि बाईंनी त्याच दमात सांगितलं, "बाजू पहिली समाप्त, कृपया कॅसेट उलटी करावी." त्या घाईबाई. आणखी एक होते, ते गावाकडची माणसं आली की अंगात आल्यासारखे करायचे. "काय वं पाटील, कवा आलासा?" आई भाकरी थापायची थांबून म्हणायची, "हे कुठलं गाव म्हनायचं? आपल्यात कोन बोलतं असं?" तिला कुणी काय सांगायचं, की बाई, हे पुण्यातल्या फ्लॅटमधलं गाव आहे, तिथली गुरंसुद्धा असंच हंबरतात.

त्यात विजेचा लपंडाव. लाईट गेली की टेप सेलवर चालायचा, आणि सेल उतरले की वाचणारा जड जिभेनं बोलायला लागायचा. एका कादंबरीतली सोळा वर्षांची पोरगी विहिरीवर गेली ती बाईच्या आवाजात, आणि हंडा भरून परत आली ती पैलवानाच्या आवाजात. नाना कान टवकारून म्हणाले, "ह्या बाईनं काय घेतली का काय?" मग आई सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. तेवढ्यानं ते दोन पानं आणखी चालायचे, आणि सेल तापेपर्यंत नाना हात मांडीवर ठेवून मुकाट बसायचे. मी आत निवडण घेऊन बसायची, पण कान बाहेरच असायचे. त्या दोनअडीच वर्षांत आमच्या घरी मिक्सर दुपारी फिरला नाही, गिरणीला दळण सकाळीच गेलं, आणि शेजारणींनी आमच्या ओट्यावर भांडणं करायची सोडून दिली.

नानांची एक खोड होती. शाळेत ते गोष्ट सांगायचे तेव्हा पोरांनी दर वाक्याला "हं" म्हणायचं असा नियम होता. ज्या बाकावरून "हं" आला नाही, त्या बाकावर झोप लागली आहे असं धरून ते तिकडे खडू भिरकावायचे. आता स्वतः ऐकणारे झाल्यावर ते कॅसेटला "हं" द्यायला लागले. सर्दीकाकांना द्यायचे, घाईबाईंना द्यायचे. बाई थांबायच्याच नाहीत, त्यामुळे नानांचा हुंकार त्यांच्या वाक्याच्या बरोबर पोटात जाऊन पडायचा आणि नाना खजील व्हायचे. आणि मग एका पुडक्यातून ते आले, ज्यांना आम्ही खर्जकाका म्हणू लागलो. भरदार, खोल, घोंगडीसारखा उबदार आवाज. आणि ते वाक्य संपलं की थांबायचे. तेवढ्यात नाना "हं" म्हणायचे, आणि मग ते पुढे जायचे. घरात सगळ्यांना वाटायचं की नानांना त्यांचा खर्ज आवडतो. नानांनाही तसंच वाटायचं. "अशा आवाजाचा मानूस वाईट असूच शकत न्हाई," असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे, आणि या एका वाक्यानं पुढे माझ्या जन्माचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

पण त्याआधी दोन भावांचा किस्सा सांगायला हवा, नाहीतर नानांचं डोकं कसं चालायचं ते कळणार नाही. संस्थेच्या घोळामुळे एकच कादंबरी आमच्याकडे दोनदा आली, एकदा सर्दीकाकांच्या आवाजात आणि महिन्याभरानं खर्जकाकांच्या. दोघा भावांची गोष्ट होती, थोरला जमिनीवर राहतो, धाकटा शहरात जातो आणि परत येत नाही. सर्दीकाकांनी धाकट्याला असा किरकिरा काढला की आईनं त्याला तळतळाट दिले. खर्जकाकांनी तोच धाकटा वाचला आणि नाना डोळे पुसत बसले. मला म्हणाले, "पयल्या कादंबरीतला धाकटा लई नालायक व्हता. ह्यातला बिचारा देवमानूस हाये." मी म्हटलं, "नाना, पुस्तक एकच हाये." ते हसले. "सुले, तू बी.ए. झालीस म्हनून मला शिकवू नको." शेवटी मी हट्टानं जुन्नरच्या वाचनालयातून छापील पुस्तक आणलं आणि ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. पुस्तकात फक्त "धाकटा म्हणाला" एवढंच लिहिलेलं होतं. कसा म्हणाला, ते लेखकानं कुठंही सांगितलं नव्हतं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ही तिसरी कादंबरी दिसती. तू वाचतीस तवा दोघंबी चोर वाटत्यात."

कॅसेट नसली की मीच त्यांना वाचून दाखवायची, आणि खोटं कशाला सांगू, मी वाईटच वाचायची. वर्णनं गाळायची, डोंगर आला की उडी मारायची, आणि कुणी प्रेमात पडलं की माझा आवाज आपोआप कुत्सित व्हायचा. आज माझ्या मुलीनं मला फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली आहे. (तिचे वडील कोण, मी कुणाशी लग्न केलं, ते या प्रकरणाचं काम नाही.) त्यात वाचणारे सगळे नाटकाच्या शिबिरातून उचलून आणल्यासारखे बोलतात. कुणी मेलं की मागे व्हायोलिन. पाऊस आला की पावसाचा आवाज, म्हणजे ऐकणारीला पाऊस कसा असतो ते माहीत नाही असं धरून चाललेत. मुलगी म्हणते, "आई, दीडपट वेगानं ऐक, वेळ वाचतो." अगं, घाईबाई आम्हाला दीडपट वेगानंच मिळाल्या होत्या, आणि त्यांनी निदान आमटी तरी वेळेवर केली असेल.

तर माझं लग्न. बी.ए. होऊन घरी बसले होते, वय चाललं होतं, आई दर चतुर्थीला ओझरला जाऊन गणपतीला माझी आठवण करून देत होती. नारायणगावच्या मामानं पेठचं स्थळ आणलं. मुलगा प्रताप. घरी बागायत, शाळेत क्लार्कची नोकरी, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो निवेदक होता. आमच्याकडे त्या काळी जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यांच्या धावपट्टीला घाट म्हणतात, आणि त्या घाटात माइकवर गाड्यांचं वर्णन करणारा माणूस म्हणजे काय रुबाब असतो, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. त्यांच्या आंबेगाव तालुक्यात प्रतापशिवाय घाट भरत नव्हता. लग्नसराईत मांडवात आमदारापासून सोसायटीच्या संचालकापर्यंत सगळ्यांची नावं मानानं घ्यायला तोच लागायचा. मामा म्हणाला, "दाजी, पोराचा आवाज म्हंजी खर्ज हो. शेजारच्या गावात ऐकू जातो." नानांनी मान वळवली. बागायतीचं सांगितलं तेव्हा वळवली नव्हती.

पाहुणे आले ते दुपारी. प्रताप, त्याचे चुलते आणि बरोबर मामा. प्रताप ओट्यावर चढला आणि म्हणाला, "नमस्कार गुरुजी! आपल्यासारख्या ज्ञानतपस्वी व्यक्तिमत्त्वाच्या घरी पदस्पर्श करण्याची संधी लाभली, हे मी माझं परमभाग्य समजतो!" पदस्पर्श कुणाचा आणि कशाला, याचा त्यानं विचार केलेला नव्हता, पण आवाज मात्र असा, की माजघरातल्या मांडणीवरची भांडी हलली. नानांचं तोंड उजळलं. खर्जकाकाच प्रत्यक्ष दारात आले असं त्यांना वाटलं असणार. पहिल्याच नमस्काराला माझं लग्न ठरून गेलं, हे मला आतून पोह्यांवर खोबरं पेरताना कळलं, आणि खोबऱ्याची वाटी मी खाली ठेवली.

कारण मला दिसत होतं. नाना बोलत होते तेव्हा प्रताप आढ्याकडे बघत मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत होता. नानांनी पाण्याचा तांब्या त्याच्या दिशेनं पुढे केला, तो थोडा डावीकडे गेला, आणि यानं तो तसाच हवेत राहू दिला. चुलत्यांनी शेवटी धरला. मग मी पोहे घेऊन बाहेर आले त्याच वेळी, नाना संस्थेविषयी, कॅसेटांविषयी हौसेनं सांगत असताना, यानं खुर्चीतून वाकून नानांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. एकदा, आणि खात्री करायला पुन्हा एकदा. आणि चुलत्यांकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे खरंच ठार आंधळा आहे की. चुलत्यांनी हसू दाबलं. मामानं पोह्यांत तोंड खुपसलं. माझ्या हातातली बशी त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं, आणि ती मी त्याच्या हातात दिली. या गोष्टीसाठी मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो, अजूनही. नानांना सांगणार तरी काय? त्यांच्याकडे पारखायला फक्त कान होते, आणि त्या पोराचं ऐकायला मिळणारं सगळं झकास होतं.

मग पद्धतीप्रमाणे चुलते म्हणाले, "मुलीला काहीतरी वाचायला द्या." त्या वेळी मुलींना पाहुण्यांसमोर वाचायला लावायचे. मुलगी तोतरी नाही, नजर धड आहे आणि शाळेत खरंच गेली होती, हे सगळं एका फटक्यात कळतं. कोनाड्यात मी वाचनालयातून आणलेली एक कादंबरी होती, ती मामानं दिली. मी अर्धं पान वाचलं, नेहमीसारखं कोरडंठाक. चुलते "पुरे, पुरे" म्हणाले. मी पुस्तक मिटलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "आता त्यांनीबी वाचावं."

आतून आईनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मुलाला वाचायला लावल्याचं तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. मामा कसनुसं हसून म्हणाला, "पोर जरा थट्टेखोर हाये हां आमची." पण नाना पुढे सरकले. त्यांना माझ्या रागाचा पत्ता नव्हता. लहान मुलासारखे हरखून म्हणाले, "वाचा की राव! तुमच्या आवाजात ऐकायला लई बरं वाटंल मला." आता एवढी माइकची सवय असलेला माणूस, तो काय नाही म्हणणार? त्यानं घसा खाकरला, पुस्तक घेतलं, उभाच राहिला. मी त्याला पान काढून दिलं. हे मी मुद्दाम केलं, लपवत नाही. मला पाठ असलेलं पान होतं ते.

त्या पानावर काही घडत नाही. एक म्हातारा मुलाला एस.टी.वर सोडायला आलेला आहे. मुलगा कायमचा चालला आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. गाडी लागेपर्यंत म्हातारा त्याला तीनदा विचारतो, पाणी घेतलंस का. मुलगा तीनदा हो म्हणतो. गाडी जाते. बस्स. प्रतापनं ते पान घाटात नेलं. "आणि म्हातारा... स्टँडवर... उभा!" इथे त्यानं थांबून चौफेर पाहिलं. नाना म्हणाले, "हं." याला ते अपेक्षित नव्हतं, तो जरा अडखळला. "पाणी घेतलंस का!" नाना पुन्हा, "हं." प्रतापनं पुस्तक खाली केलं आणि त्याच गोड, भरदार आवाजात म्हणाला, "गुरुजी, मधे बोलू नका. लिंक तुटते."

नानांनी पुढचा "हं" दिला नाही. हात मांडीवर घेऊन बसले. मग प्रतापला रान मोकळं मिळालं. दुसरं "पाणी घेतलंस का" पहिल्यापेक्षा वर गेलं, आणि तिसऱ्याला असा आवाज चढला की बैल निशाणाला टेकलेच. एस.टी. सुटली तीही बहुधा पहिल्या नंबरात. चुलत्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानंही वाजवल्या, काय करतो बिचारा. नाना म्हणाले, "आवाज चांगलाय," आणि पाहुणे निघेपर्यंत आणखी काही बोलले नाहीत.

फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाली तसा मामा घाईनं परत आला. "दाजी, त्यांना पोरगी पसंत हाये. मागनी कायबी न्हाई. आजच निरोप द्या म्हनत्यात. असं स्थळ पुन्हा यायचं न्हाई." आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "नाना, मला एक सांगायचंय. तुमी बोलत व्हता तवा त्यानं..."

"हात हलवला ना डोळ्यांपुढं," नाना म्हणाले. "दोनदा."

मामानं खाली बघितलं. मी विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"वारा लागतो गं तोंडाला. आळीतली पोरं रोज करत्यात."

"मंग बोलला का न्हाई तुमी?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

"मला केलं ना? मला केलेलं मी गिळतो. घर चांगलं, नोकरी चांगली, आवाज चांगला, तुझं वय चाललंय. गिळलं मी ते पोह्यांसंगं." मग ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. "पन त्या म्हाताऱ्यानं तीनदा इचारलं, सुले. मानूस तेच तेच तीनदा इचारतो म्हंजी त्याला दुसरंच कायतरी बोलायचं असतं. ह्यानं तीनदा वाचलं आन् ह्याला एकदाबी ऐकू आलं न्हाई. आन् तू तरी सरळ कवा बोलतीस? माझ्यावानी आडूनच बोलतीस. तुझं काय ऐकनार हाये तो?"

मी रडायला लागले. इतकी वर्षं मी या माणसाला वर्णनं गाळून वाचून दाखवली, त्याच्या "हं"ला हसले, त्याला काही कळत नाही असं धरून चालले, त्याची मला लाज वाटली. आईही रडत होती, पण तिचं कारण वेगळं होतं. तिला गेलेलं स्थळ दिसत होतं, आणि त्याबद्दल ती पुढे दोन महिने नानांशी नीट बोलली नाही.

मामा वैतागला होता. "आवो पन दाजी, मी त्यास्नी सांगू काय?"

"सांग, मुलीच्या बापाला वाचन पसंत पडलं न्हाई."

"असं कुनी सांगतं का? तोंडावर हसतील लोकं!"

नानांनी काठी चाचपली, उठले, आणि म्हणाले, "मंग सांग, बाप आंधळा हाये. त्याला पोरगा दिसला न्हाई."

मामानं पेठला जाऊन अक्षरशः तेच सांगितलं, आणि ते तिथं सगळ्यांना लगेच पटलं.